हिच्यापासून मोजा

आधीच सांगून ठेवते, मले फोटोत उभं राहायची हौस कधीच नव्हती. तरी आमच्या घरच्या चार लोखंडी पेट्यांत माझे जितके फोटो आहेत तितके एखाद्या मंत्र्याचे पण नसतील. सिरपूरच्या देवळापुढे मी, गंगरेलच्या धरणावर मी, राजिमच्या घाटावर मी, आणि चित्रकोटच्या धबधब्यापुढे तर सहा वेळा मी. सगळीकडे तशीच. हात खाली, मान सरळ, कॅमेऱ्यापासून आठ फुटांवर, चौकटीच्या डाव्या बाजूले. हसायचं नाही. हसणं दोन क्लिकांत सारखं राहत नाही, असं आमचे नाना म्हणतात.

नाना म्हणजे माझे वडील, वय पंच्याऐंशी. सिंचन खात्यात नकाशे काढायचे. तिथं विमानातून काढलेले दोन-दोन फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहायचे, म्हणजे कागदातून डोंगर वर उठे आणि नदी खाली जाई. धरण कुठं बांधायचं ते असं पाहत. एकदा डोंगर उठलेला पाह्यला आणि नानाचं डोकं फिरलं ते फिरलंच. सुताराकडून एक सागवानी पट्टी करून घेतली, तिच्यावर साधा कॅमेरा बसवला. डावीकडे एक क्लिक, मग अडीच इंच उजवीकडे सरकवून दुसरा. माणसाच्या दोन डोळ्यांत जितकं अंतर, तितकंच. त्या दोन स्लाइड दोन प्रोजेक्टरमधून एकाच पडद्यावर टाकायच्या. लोकांले पुठ्ठ्याचे चष्मे द्यायचे, म्हणजे डाव्या डोळ्याले डावं चित्र दिसते आणि उजव्याले उजवं. मग पडदा पडदा राहत नाही, खिडकी होते. तुम्ही म्हणाल, सिनेमात असते तसं. हाव, तसंच. फक्त नाना हे चाळीस वर्षांपासून करून राहिले, दर गणपतीत, इथं रायपूरले, आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये.

यात एक गोम आहे. मागचा डोंगर कितीही मोठा असो, पुढं जवळ काही नसलं तर तो चपटाच दिसते. जवळ काहीतरी उभं लागते, ज्याच्यापासून डोळा अंतर मोजते. आणि ते दोन क्लिकांच्या मधल्या चार-पाच सेकंदांत हलता कामा नये. हललं की एका डोळ्याले एक दिसते, दुसऱ्याले दुसरं, आणि चित्र थरथरते.

माझा धाकटा भाऊ शिशिर हलायचा. नाक खाजवे, दगड मारे, मध्येच बसून जाये. दोन सहलींनंतर नाना म्हणाले, "हे पोट्टं कामाचं नाही," आणि त्याले मोकळं सोडलं. तो पाण्यात खेळला, झाडावर चढला, आता पुण्याले आहे. मी हलत नव्हती. वय वर्षं नऊ, आणि बाई पुतळ्यासारखी उभी. नाना कौतुकानं म्हणायचे, "माझी सुनीती म्हणजे खुंटा आहे खुंटा." मले तेव्हा ते भूषण वाटे. जो हलला तो सुटला, हे कळायले पन्नाशी उलटावी लागली.

शोमध्ये नाना माइक घेऊन स्वतः बोलतात. प्रत्येक चित्राले त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "ही आमची सुनीती. हिच्यापासून मोजा." हॉल हसते. लहान पोरं मागून ओरडतात, "हिच्यापासून मोजा!" मी मागं प्रोजेक्टरजवळ उभी, अंधारात, आणि तिकडं पडद्यावर पण मीच उभी.

आता मुद्द्याचं. मी सरकारी शाळेत व्याख्याता. सत्तावन्न वर्षांची. लग्न केलं नाही, म्हणजे झालं नाही, काय समजायचं ते समजा. वीस दिवसांआधी मले प्राचार्यपदाचा आदेश आला, जगदलपूरले, इथून तीनशे किलोमीटर. याआधी दोनदा आला होता आणि दोनदा मी 'नको' असं लिहून दिलं. पहिल्या वेळेस नानाच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. दुसऱ्या वेळेस नाना नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दहाव्या दिवशी म्हणाले, "तुले जायचं तर जा, मी कुठं धरून ठेवलं?" अशा वाक्यानंतर कोण जाते? जाऊन दाखवा मले. ही तिसरी वेळ, आणि शेवटची. सोमवारी साडेदहाले तिथं हजर व्हायचं. नाही तर ती जागा दुसऱ्याची, आणि मी पाच वर्षांनी याच घरातून रिटायर.

या वेळेस मी शहाणपणा केला. घरी तोंडच उघडलं नाही. भनपुरीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून शेगडी, पलंग आणि पुस्तकांची दोन खोकी पाठवून पण दिली. नानाले सांगितलं, रद्दी आणि भंगार विकलं. सामान जगदलपूरले पोचलं. भाड्याच्या खोलीत माझा पलंग जाऊन पडला, आणि मी इथं चौबे कॉलोनीत, मागच्या खोलीत स्लाइडवरची धूळ पुसत बसली होती. शो शनिवारी संध्याकाळी. रविवारी सकाळी सातची बस. शो झाला की सांगीन, असं रोज ठरवायची. रोज दुपारी ठरवायची आणि रोज संध्याकाळी गिळायची.

शिशिरले मात्र फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, दोन वर्षं थांब ना. नानाले जवळ माणूस पाहिजे."

"मग तू घेऊन जा पुण्याले."

"अगं, आमचा फ्लॅट चौथ्या माळ्यावर. त्यांना जमायचं नाही."

"लिफ्ट नाही काय?"

"आहे. पण लाइट जाते कधी कधी."

उंटावरून शेळ्या हाकायले काय जाते कोणाचं! मी फोन ठेवून दिला.

शोची तयारी म्हणजे तुम्हाले वाटेल, चार फोटो काढले आणि लावले. तसं नाही ते. मागच्या खोलीच्या खिडकीले काळा कागद चिकटवलेला. पंखा बंद, कारण पंख्यानं धूळ उडते आणि पडद्यावर एक केस म्हणजे वाशाएवढा दिसते. दार बंद, कारण उजेड येते. भाद्रपदातला रायपूरचा उकाडा, आणि त्या डब्यात मी आणि नाना, रोज चार तास, वीस दिवस. एक स्लाइड उचला, दोन्हीकडून पुसा, काचेत बसवा, जोडीदाराशी वर-खाली जुळवा. केसभर जरी एक वर एक खाली झाली तर लोकांचं डोकं दुखते. माझ्या कपाळावरून घाम टपटपे आणि नाना म्हणत, "घाम स्लाइडवर पाडू नको."

त्यांचे नियम मले पाठ आहेत. चाळीस जोड्या, एकेचाळिसावी नाही. पहिली जोडी साधी, मागंपुढं कमी असलेली, लोकांचे डोळे आधी बसू द्या. सगळ्या खोल चित्रांची रांग लावायची नाही, मध्ये एखादं अंगण, एखादी बैलगाडी. जवळची वस्तू चौकटीच्या कडेनं कापली जाऊ नये, नाही तर खिडकीतून अर्धा माणूस लोंबकळल्यासारखा दिसते. आणि शेवटची जोडी अशी, की लोक चष्मा काढायले विसरले पाहिजेत. शेवटची दरवर्षी चित्रकोटची असे. खडकावर मी, मागं तो सगळा धबधबा.

आणि मी त्या धबधब्याकडं पाठ करून. सहा वेळा गेली, सहाही वेळा पाठ. ज्याच्यापासून मोजायचं त्याले मागं पाहायची मुभा नाही.

बुधवारी माझ्या हातून चूक झाली. आमच्या घरात डावं-उजवं बदलणं म्हणजे देवघरात चप्पल घालून जाणं. डावी स्लाइड उजव्या प्रोजेक्टरात गेली की सगळं आतलं बाहेर होते. मागचं पुढं येते, पुढचं मागं जाते. माझ्या डोक्यात सोमवार फिरत होता, आणि राजिमची जोडी मी उलटी घातली. खोलीतल्या छोट्या पडद्यावर चित्र पडलं. चष्म्यातून पाहते तर काय, देऊळ नाकाशी आलेलं आणि मी त्याच्या मागं, भिंतीत चिणल्यासारखी. मी जीभ चावली. आता नाना खवळतील म्हणून मान खाली घालून उभी राहिली.

नाना चष्मा लावून बसले होते. म्हणाले, "वा! काय खोली आली आहे! बारावी हीच ठेव."

मले वाटलं, टोमणा मारून राहिले. पण नाही, त्यांनी वहीत लिहिलं पण. बारा, राजिम.

मी पुढची जोडी मुद्दाम उलटी घातली. "छान," नाना म्हणाले. मग मी दोन्हीकडं एकच, डावीच स्लाइड घातली. तिची जास्तीची प्रत होती पेटीत. त्यात खोलीचं नावच नाही, कॅलेंडरवरच्या फोटोसारखं सपाट चित्र. नाना खुर्चीत पुढं झुकले आणि म्हणाले, "पाह्यलं? पाणी कसं खाली उतरते!"

मी हळूच डाव्या प्रोजेक्टरपुढं हात धरला. नाना बोलतच राहिले, पाण्याबद्दल, घाटाच्या पायऱ्यांबद्दल. मग उजव्यापुढं हात धरला.

"काय झालं? बल्ब गेला काय?" नाना म्हणाले.

म्हणजे डावा डोळा गेला होता. पुरता.

मग एकेक आठवायले लागलं. चहा कपाबाहेर सांडायचे. डाव्या खांद्याले दाराची चौकट लागायची. जेवताना डावीकडची चटणी तशीच राहायची आणि मी म्हणायची, नाना, चटणी काहून टाकली? मी रोज समोर बसून जेवली आणि मले दिसलं नाही. दोन धडके डोळे असून!

स्वयंपाकघरात गेली. मीराबाई कणीक मळत होती. ती आमच्याकडे पंधरा वर्षांपासून आहे, सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत. मी दार लोटून विचारलं, "मीराबाई, नानाच्या डोळ्याचं तुले माहीत होतं काय?"

तिनं हात थांबवला आणि तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "हव दीदी. दू साल होगे. मंइच तो लेगे रेहेंव डॉक्टर करा."

दोन वर्षं! काचबिंदू. हीच घेऊन गेली होती रिक्षात, मी शाळेत असताना. हीच रोज दुपारी उजव्या डोळ्यात थेंब टाकते, तो तरी वाचावा म्हणून.

"आणि मले सांगितलं नाही?"

"बाबूजी मना करे रिहिस. कहिस, सुनीती ल झन बताबे, नइ त ओ पेटी मन ल ताला लगा दिही."

म्हणजे सुनीतीले सांगू नको, ती पेट्यांले कुलूप लावेल. मी जाईन म्हणून नाही, मी रडीन म्हणून नाही. शो बंद पडेल म्हणून!

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि रडली. रागानं रडली, खोटं काहून बोलू? इतकी वर्षं नानाले माझ्यावाचून होणार नाही म्हणून मी खुंट्यासारखी राहिली. आणि यांचा डोळा गेला, दवाखाना झाला, थेंब झाले, सगळं माझ्यावाचून झालं. त्यासाठी मीराबाई चालली. मी लागत होती ते आठ फुटांवर उभी राहायले.

आणि दुसरीकडं असं, की एका डोळ्याच्या म्हाताऱ्याले टाकून गेली म्हणून सगळी चौबे कॉलोनी माझ्या नावानं खडे फोडेल. धरलं तर चावते, सोडलं तर पळते. डोळ्याचं मले कळलं असं बोलली तर राहावं लागेल. नाही बोलली तर चोरासारखं जावं लागेल.

मीराबाई मागं येऊन उभी राहिली. ट्रान्सपोर्टचा टेम्पो भरायले तिनंच हात लावला होता, तिले सगळं माहीत. म्हणाली, "तुमन जाव न दीदी. मंय तो हँव. रात के घलो रहि जाहूँ." तुम्ही जा म्हणते, रात्रीची पण राहीन म्हणते! आणि तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. कणकेचा हात होता, गालाले पीठ लागलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी नानासमोर बसून चाळीस जोड्या पुन्हा तपासून सरळ लावल्या. नाना म्हणायचे "छान", मी म्हणायची "हाव". दोघंही एकमेकांले फसवून राहिलो होतो, बंद दाराआड, घामाघूम.

शुक्रवारी दुपारी नाना झोपल्यावर मी चौथी पेटी उघडली. ती बिघडलेल्या जोड्यांची. नाना काही फेकत नाहीत. ज्यात कोणी हललं, ज्यात पक्षी मध्ये आला, सगळ्या तिथं, नकाशावाल्याच्या नेटक्या अक्षरात कारण लिहून. मले एक पाहिजे होती. सापडली. "चित्रकोट, १९९०, जोडी चार. सुनीती हलली. रद्द."

तो दिवस मले जसाच्या तसा आठवते. बावीस वर्षांची होती. आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. नागपूरच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं, हॉस्टेल पण मिळत होतं, आणि आदल्या दिवशी नाना म्हणाले होते, "घर कोण पाहील?" तेवढंच. दुसऱ्या दिवशी चित्रकोटले नेलं, मन रमावं म्हणून. खडकावर उभं केलं. पहिला क्लिक झाला. मागं पाण्याचा आवाज एवढा, की छातीत वाजे. नाना मान घालून कॅमेरा पट्टीवर सरकवत होते. आणि मी निघाली. ठरवून नाही. पाय निघाले. चौकटीच्या बाहेर, कड्याजवळ गेली आणि पाह्यलं. बाप्पा! एवढं पाणी एका ठिकाणी पडते आणि तरी संपत नाही! सात-आठ सेकंद पाह्यलं असेल. मागून नाना ओरडले, "हललीस तू! जोडी वाया गेली!" मी परत येऊन खडकावर उभी राहिली. पाचवी जोडी चांगली आली. पस्तीस वर्षांपासून शेवटी लागते ती पाचवी.

चौथीच्या डाव्या स्लाइडमध्ये मी आहे. उजव्या स्लाइडमध्ये नुसता खडक.

शनिवारी हॉलमध्ये प्रोजेक्टर मांडताना मी चाळिसावी जोडी काढून पिशवीत घातली आणि तिच्या जागी ही लावली. काहून लावली, ते आज विचाराल तर नीट सांगता येणार नाही. थोडा राग होता. डोळ्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल करावं, असं पण होतं. सूड म्हटलं तरी चालेल. वर-खाली मात्र मी केसभर चुकली नाही.

सात वाजता हॉल भरला. हिरालाल पेंटरनं चंदेरी रंग दिलेला तो जुना पडदा ताणून बांधला होता, साध्या पडद्यावर हा प्रकार चालत नाही म्हणून. चष्मे वाटले. पोरांले सांगितलं, मान वाकडी करू नका. नाना स्टेजवर खुर्चीत, गळ्यात उपरणं, हातात माइक, डोळ्यांवर पुठ्ठ्याचा चष्मा. मीराबाई पहिल्या रांगेत कडेले. दिवे गेले.

पहिली जोडी, आमचं अंगण. मग सिरपूर. "ही आमची सुनीती. हिच्यापासून मोजा." हॉल हसला. मग धरण, मग बैलगाडी, मग राजिम, या वेळेस सरळ. नाना सुंदर बोलतात, ते मान्य केलं पाहिजे. एका डोळ्यानं सपाट चित्र पाहून राहिलेला माणूस लोकांले सांगत होता, "आता खाली पाहा, पायऱ्या कशा उतरतात." सगळं आठवणीतून. माझा राग तिथं थोडा वितळला आणि मले स्वतःचीच लाज वाटायले लागली. एकोणचाळिसावीवर वाटलं, काढून टाकावी पुढची. पण ट्रे सरकला. ठक, ठक. चाळिसावी पडली.

"आणि हे चित्रकोट," नाना म्हणाले. "जवळ खडकावर ही आमची सु..."

ते थांबले. त्यांच्या पुढं नुसता खडक होता.

हॉलमध्ये मात्र खडकावर एक पोरगी होती आणि नव्हती. डोळ्यांपुढं लुकलुकत होती, दिव्याची वात फडफडते तशी. पोरं ओरडायले लागली, "भूत! भूत!" आमच्या शेजारच्या पूर्णिमाची सात वर्षांची ईरा उठून उभी राहिली. एक डोळा मिटून पाहे, मग दुसरा. आजकालची पोरं, मराठी समजते पण बोलणार हिंदीत. "नानाजी, इस आँख से दीदी है! इस आँख से नहीं है!"

हॉल हसला. नाना हसले नाहीत.

"कोणत्या डोळ्यानं आहे?" त्यांनी माइकवरच विचारलं.

"लेफ्ट से."

नानांनी हात वर नेला आणि उजवा डोळा झाकला. झाकून बसले. किती वेळ बसले असतील, देव जाणे. लोक समजले, म्हातारा गंमत करून राहिला. मले ठाऊक होतं त्यांना काय दिसून राहिलं ते. काही नाही. मले पळत जाऊन तो हात काढावा वाटला.

मग हात खाली आला. माइक चालूच होता, त्यांचा श्वास सगळ्या हॉलमध्ये ऐकू येत होता.

"सुनीती," ते म्हणाले. "कुठं गेली तू?"

मी मागून, अंधारातून म्हटलं, "धबधबा पाहायले गेली होती, नाना."

"मग?"

"तुम्ही आवाज दिला. परत येऊन उभी राहिली."

कोणी हसलं नाही. मी म्हटलं, "आता परत जाऊन राहिली. जगदलपूरले. प्राचार्य म्हणून. उद्या सकाळची बस आहे. सामान गेलं पुढं."

पडद्यावर ती पोरगी लुकलुकतच होती.

"पुढची लाव," नाना म्हणाले.

"पुढची नाही नाना. चाळीस झाल्या."

मले वाटलं, आता छातीत दुखेल. आता म्हणतील, मी कुठं धरून ठेवलं. मी त्या वाक्याची वाट पाहत उभी होती, आणि खरं सांगते, नाना तसं म्हणाले असते तर मी राहिली असती. पिशवीतून पाचवी जोडी काढून लावली असती, आणि राहिली असती.

नाना म्हणाले, "दिवे लावा."

दिवे लागले. साऱ्या हॉलनं चष्मे तसेच ठेवले होते, कोणी काढले नाहीत. नाना उठले. स्टेजच्या तीन पायऱ्या उतरायच्या होत्या. मी प्रोजेक्टर सोडून पुढं गेली, पायरीशी उभी राहिली आणि हात पुढं केला. दरवर्षी तसंच करते, आणि दरवर्षी ते म्हणतात, "सर बाजूले, मी म्हातारा नाही झालो."

या वर्षी ते पायरीच्या तोंडाशी थांबले. डावा हात हवेत धरला. माइक अजून दुसऱ्या हातातच होता, म्हणून साऱ्या मंडळानं ऐकलं.

"मीराबाई," ते म्हणाले, "डावीकडून धर. तिकडचं मले दिसत नाही."

मीराबाई उठली. माझ्या बाजूनं वर गेली, त्यांचा हात धरला, आणि एकेक पायरी सांगत त्यांना खाली उतरवलं. माझ्याजवळून जाताना नाना थांबले नाहीत. मी त्यांच्या डाव्या बाजूले होती, त्यांना दिसली पण नसेन. की दिसली, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

माझा हात तसाच पुढं राहिला होता. मग मी तो खाली घेतला आणि मागं जाऊन प्रोजेक्टरजवळ उभी राहिली. बल्ब गरम असते, तो विझवल्यावर आतला पंखा दहा मिनिटं चालू ठेवायचा, हा पण नानाचाच नियम. हॉल रिकामा झाला. मी दहा मिनिटं तिथंच उभी राहिली, हात खाली, मान सरळ. मग हलली.